दोन लाँग लॅप

२६ मार्च २०२३ रोजी पोर्तुगालमधल्या पोर्तिमाओच्या सर्किटवर मोटोजीपी हंगामाची पहिली शर्यत सुरू झाली आणि तिसऱ्याच फेरीत ती अर्ध्या जगासाठी संपली. होंडावर स्वार असलेला मार्क मार्केझ पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवरून, निघाला होता. तिसऱ्या वळणाशी त्याने ब्रेक मारायला उशीर केला. आधी तो होर्खे मार्टिनच्या डुकाटीला घासला, मग आतल्या बाजूने तसाच पुढे जाऊन मिगेल ओलिव्हेराच्या अप्रिलियावर आदळला. ओलिव्हेरा पोर्तुगालचा. २०२० साली त्याने हीच शर्यत जिंकली होती आणि या वेळीही तो दुसऱ्या क्रमांकावर होता, त्यामुळे गॅलऱ्या त्याच्याच नावाने गर्जत होत्या. क्षणात दोघेही खडीत पडले. मार्केझच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचे हाड मोडले, ओलिव्हेराच्या पायाला दुखापत झाली आणि मार्टिनच्या पायाचे बोट मोडले. शर्यतीच्या पंचांनी, म्हणजे स्टीवर्डांनी, मार्केझला दोषी धरून ‘दोन लाँग लॅप’ सुनावले. सर्किटच्या एका वळणाबाहेर आखलेल्या लांबच्या पट्ट्यातून रायडरने ठरावीक वेळा जायचे आणि तेवढे सेकंद गमवायचे, अशी ही २०१९ पासून रुळलेली शिक्षा. मार्केझला ती भोगावी लागली नाही. ती का लागली नाही, यावर चाहते तेव्हा जे भांडले ते अजून भांडत आहेत, आणि माझ्या मते त्यांतले बहुतेक जण चुकीच्या माणसावर रागावले आहेत.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला या भांडणाशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. देणेघेणे आहे, आणि ते केवळ टीव्हीपुरते नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथून आधी ॲपे रिक्षा निघाल्या, २०१२ पासून व्हेस्पा निघू लागल्या, पुढे अप्रिलियाच्या स्कूटर आल्या, आणि २०२३ साली अप्रिलिया आरएस ४५७ ही पूर्ण वाढीची स्पोर्ट मोटरसायकल तिथेच तयार होऊन जगभर जायला लागली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चाकणमध्ये बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ड्यूक बनतात. शर्यतीत धावणारी अप्रिलिया इटलीत नोआलेला आणि केटीएम ऑस्ट्रियात घडते, हे खरे. शर्यतीच्या यंत्राचा बारामतीशी एका नटाचाही संबंध नाही. पण मोटोजीपीत उतरणाऱ्या पाच कंपन्यांपैकी दोन कंपन्यांची नावे ज्या जिल्ह्यात टाकीवर चिकटवली जातात, तिथल्या पोरांनी कुणाची बाजू घ्यायची हे आधीच ठरलेले असते. गंमत म्हणजे आरएस ४५७ स्वतःच एका नियमाचे अपत्य आहे. युरोपात मधल्या श्रेणीच्या परवान्यावर ३५ किलोवॉटपेक्षा ताकदवान गाडी चालवता येत नाही, म्हणून तिचे इंजिन बरोबर त्या रेषेपर्यंत आणून थांबवले आहे. मोटरसायकलच्या जगात नियम असा इंजिनाच्या पोटातही शिरतो.

आता पोर्तिमाओच्या आदेशाकडे येऊ. स्टीवर्डांनी त्या रविवारी काढलेल्या कागदात मार्केझने दोन लाँग लॅप अर्जेंटिनाच्या शर्यतीत घ्यावेत असे लिहिले होते. अर्जेंटिना पुढच्याच रविवारी होती, म्हणून कुणाला त्यात वावगे वाटले नाही. पण मार्केझच्या हातावर माद्रिदमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो अर्जेंटिनाला जाणार नाही हे उघड झाले. मग दोनच दिवसांनी आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफआयएमने, आदेशाची दुरुस्ती जाहीर केली: मार्केझ पुढच्या ज्या शर्यतीत उतरू शकेल तिथे त्याने शिक्षा भोगावी. होंडाने याविरुद्ध अपील केले. होंडाचे म्हणणे असे नव्हते की मार्केझ निर्दोष आहे. एकदा दिलेला, अंतिम झालेला आदेश मागाहून अधिक जाचक करता येत नाही, एवढाच तिचा मुद्दा होता. प्रकरण मोटोजीपीच्या अपील न्यायालयात गेले, तोवर दुरुस्तीला स्थगिती मिळाली, आणि मे महिन्यात ल मांच्या शर्यतीच्या तोंडावर न्यायालयाने दुरुस्ती रद्द केली. अर्जेंटिना केव्हाच होऊन गेली होती. त्यामुळे मार्केझ ल मांला कोऱ्या पाटीने उभा राहिला. (शर्यतीच्या शेवटाकडे तो दुसऱ्या क्रमांकासाठी झगडताना स्वतःच पडला. ती शर्यत मार्को बेझेक्कीने जिंकली. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.)

चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता. घरच्या प्रेक्षकांसमोर दुसऱ्याला पाडले, त्याची पुढची शर्यत बुडवली आणि स्वतःच्याच जखमेच्या आडोशाने शिक्षेतून सुटला, असे चित्र उभे राहिले. त्यातही मार्केझ तेव्हा आठ वेळा विश्वविजेता. नियम मोठ्यांना वाकून नमस्कार करतात हा आपला सगळ्यांचा आवडता समज त्यात चपखल बसला. पण निकालाकडे नीट पाहिले तर मोठेपणाचा त्यात संबंधच दिसत नाही. हाच आदेश शेवटच्या रांगेतल्या नवख्याला दिला असता आणि दोन दिवसांनी असाच बदलला असता, तरी न्यायालयाला हाच निर्णय द्यावा लागला असता. मार्केझला सोडले ते आदेशातल्या ‘अर्जेंटिना’ या एका शब्दाने, आणि तो शब्द स्टीवर्डांनी स्वतः लिहिला होता. दोष लिहिणाऱ्याचा असेल तर त्याची भरपाई आरोपीकडून करून घेता येत नाही.

यावर मोठा आक्षेप असा की स्टीवर्डांचा हेतू स्वच्छ होता. पुढच्या शर्यतीत शिक्षा भोगावी हाच त्याचा अर्थ. अर्जेंटिना हे केवळ पुढच्या शर्यतीचे नाव होते. शब्दावर बोट ठेवून सुटणे हा वकिली कावा झाला. आक्षेपात दम आहे, पण हेतूवर शिक्षा द्यायची ठरवली की हेतू कोण सांगणार हा प्रश्न येतो, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच: ज्याने आदेश लिहिला तोच. वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्ही रॉकेटसाठी मोटर केसिंग तयार होतात. तिथे तपासणीला बसलेला माणूस ड्रॉइंगवरचे माप आणि हातातले माप ताडून पाहतो. माप चुकीचे छापले गेले असेल तर ड्रॉइंग सुधारायची रीत आहे, आणि सुधारलेले ड्रॉइंग पुढच्या तुकड्याला लागू होते. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला तुकडा नव्या मापाने ‘रिजेक्ट’ करून कामगाराच्या माथी कुणी मारत नाही. एफआयएमने ‘इथून पुढे’ म्हणून शब्द बदलले असते तर कुणी तोंड उघडले नसते. झालेल्या आदेशाला मागून ठिगळ लावले, तिथे गाडी घसरली.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे आणि म्हणून अधिक चिवट आहे. ओलिव्हेराचे काय? ज्याला दुखापत झाली त्याच्या बाजूने नियम का उभा राहत नाही? इथे चाहते, आणि अनेकदा स्टीवर्डसुद्धा, एक गोष्ट गृहीत धरतात: इजा जितकी मोठी तितका अपराध मोठा. मोटरसायकल शर्यतीचा इतिहास या समजाला साथ देत नाही. मार्को सिमॉन्चेली या इटालियन रायडरच्या बाबतीत एकाच वर्षात दोन्ही टोके दिसली. मे २०११ मध्ये ल मांला त्याच्या चालीमुळे दानी पेद्रोसा पडला, त्याचे कॉलरबोन मोडले, आणि सिमॉन्चेलीला शर्यत चालू असतानाच पिटलेनमधून जाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला मलेशियात सेपांगला दुसऱ्याच फेरीत सिमॉन्चेलीची पकड सुटली. पडून बाहेर जाण्याऐवजी त्याची गाडी ट्रॅकच्या आतल्या बाजूला ओढली गेली. मागून येणारे कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी त्याला टाळू शकले नाहीत. सिमॉन्चेली २४ वर्षांचा होता. त्या अपघातात कुणाचाही दोष नव्हता, म्हणून कुणालाही शिक्षा झाली नाही, आणि व्हायलाही नको होती. रॉसी तर त्याचा जिवलग मित्र. सर्वात भीषण परिणाम आणि शून्य अपराध, हे दोन्ही एकाच वळणावर असू शकतात, हे एकदा मनाशी मान्य केले की प्लॅस्टर किती जाड आहे त्यावरून लाँग लॅप मोजता येत नाहीत.

तरीही मोजले जातात. ३० एप्रिल २०२३ रोजी स्पेनमध्ये हेरेसला पहिल्याच फेरीच्या गर्दीत फाबियो क्वार्तारारो दोन गाड्यांच्या मधे सापडला. एका बाजूला बेझेक्की, दुसऱ्या बाजूला पुन्हा तोच अभागी ओलिव्हेरा, ज्याचा या वेळी खांदा निखळला. चित्रफीत पाहून अनेकांना वाटले की क्वार्तारारोला जायला जागाच नव्हती. तरी त्याला एक लाँग लॅप मिळाला, वर तो घेताना पट्ट्याबाहेर गेला म्हणून पुन्हा घ्यावा लागला. ओलिव्हेरा पडून उठून चालत गॅरेजमध्ये गेला असता तर ही शिक्षा झाली असती का? मला तरी शंका आहे. त्या काळात स्टीवर्ड मंडळाचे प्रमुख होते फ्रेडी स्पेन्सर, १९८३ आणि १९८५ चे पाचशे सीसीचे विश्वविजेते. त्यांच्या जाणकारीबद्दल कुणाला शंका नव्हती. तक्रार होती ती निर्णयांमागची कारणमीमांसा बाहेर येत नाही, याची. एका ओळीचा आदेश निघतो, ‘बेजबाबदारपणे चालवली’ एवढेच कळते, आणि मागच्या आठवड्यात तसेच करणारा का सुटला हे कळत नाही. कारणे लिहिली नाहीत की चाहते आपापली कारणे लिहितात, आणि त्यांत राष्ट्र, कंपनी, जुने वैर असे सगळे येते.

रॉसी आणि मार्केझ यांच्या जुन्या वैराचा पाया २५ ऑक्टोबर २०१५ रोजी, पुन्हा सेपांगलाच, घातला गेला. त्या आठवड्यात रॉसीने भर पत्रकार परिषदेत आरोप केला होता की मार्केझ मुद्दाम रॉसीचा प्रतिस्पर्धी लोरेन्झो याला विजेतेपद मिळवून देतो आहे. रविवारी दोघे फेऱ्यामागून फेऱ्या एकमेकांना भिडले. सातव्या फेरीत रॉसीने वेग कमी करत मार्केझला बाहेरच्या कडेला नेले, दोघांचा स्पर्श झाला आणि मार्केझ पडला. लाथ मारली की नाही, यावर इटली आणि स्पेन आजही दुभंगलेले आहेत. रॉसीला तीन दंडगुण मिळाले. आधीचा एक दंडगुण त्याच्या खात्यावर होताच, तो मिसानोच्या पात्रता फेरीत लोरेन्झोच्या वाटेत आल्याबद्दलचा. चार झाले की पुढची शर्यत शेवटच्या जागेवरून, हा नियम हंगामाआधीच लिहिलेला होता. क्रीडा लवादाने स्थगिती नाकारली. व्हॅलेन्सियात रॉसी सव्विसाव्या जागेवरून सुटून चौथा आला, लोरेन्झो जिंकला, आणि विजेतेपद ३३० विरुद्ध ३२५ अशा पाच गुणांनी गेले. रॉसीच्या चाहत्यांना हा अन्याय वाटतो. मला उलट ही शिक्षा त्या दशकातली सर्वात निर्मळ शिक्षा वाटते. रॉसी बरोबर होता म्हणून नव्हे, आणि मार्केझ सज्जन होता म्हणून तर नव्हेच. शिक्षेचा आकार आधी ठरलेला होता, ती कुठे भोगायची हेही आधी ठरलेले होते, आणि ती इतक्या लोकप्रिय माणसाला इतक्या नाजूक वेळी लागू झाली तरी कुणी तिला हात लावला नाही. पुढे दंडगुणांची ती पद्धतच मोडीत निघाली. रॉसीच्या रोषामुळे निघाली की आणखी कशामुळे, या वादात न शिरता इतके म्हणता येईल की तिच्या जागी आलेल्या पद्धतीत स्टीवर्डांच्या मर्जीला अधिक वाव राहिला.

मग सगळेच आकड्यांत बांधून का टाकू नये? मोटोजीपीने एका बाबतीत तेही करून पाहिले. पुढच्या टायरमधली हवा ठरावीक दाबापेक्षा कमी असता कामा नये. २०२५ मध्ये ती मर्यादा १.८० बार होती आणि मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्या त्या दाबावर व्हायला हव्या होत्या. चुकले की १६ सेकंद. इथे हेतू नाही, मर्जी नाही, सेन्सर सांगेल ते खरे. एप्रिल २०२५ मध्ये कतारला केटीएमवरचा मावेरिक व्हिन्यालेस दुसरा आला, काही काळ तर पुढेही होता, आणि दाबाच्या आकड्याने त्याला चौदाव्या क्रमांकावर फेकले. चाकणच्या गाड्या चालवणाऱ्यांनी त्या रात्री काय म्हटले असेल ते छापण्याजोगे नसावे. त्याआधी थायलंडमध्ये मार्केझने याच आकड्याच्या भीतीने आघाडी सोडली, धाकटा भाऊ ॲलेक्स याच्या मागे जाऊन टायर तापवला, हवा वाढवली आणि शेवटी पुढे जाऊन जिंकला. मोकळ्या रस्त्यावर पुढे असलेल्याचा टायर थंड राहतो, दाब पडतो. म्हणजे नियम वेगाने जाणाऱ्यालाच अडचणीत आणतो. तेव्हा आकडा न्याय्य असेलच असे नाही. पण व्हिन्यालेसविरुद्ध कुणी पक्षपात केला, असे एकाही जाणत्या माणसाने म्हटले नाही. लोक नियमावर चिडले, पंचावर नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण वाईट नियम पुढच्या बैठकीत बदलता येतो, पंचावरचा उडालेला विश्वास बैठकीत परत येत नाही. टकरीचा अपराध मात्र सेन्सरने मोजता येत नाही. तिथे माणूस बसवावाच लागतो. म्हणूनच त्या माणसाच्या हातातला कागद तरी पक्का हवा.

५ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडोनेशियात मंडालिकाला पोर्तिमाओचा आरसा समोर आला. आता बेझेक्की अप्रिलियाच्या कारखाना संघात होता आणि मार्केझ डुकाटीवर, आठवड्यापूर्वीच जपानमध्ये विश्वविजेता ठरलेला. पोलवरून निघालेल्या बेझेक्कीची सुरुवात फसली. पहिल्याच फेरीत, गेलेल्या जागा परत मिळवण्याच्या घाईत, तो सातव्या वळणाशी मागून मार्केझवर आदळला. मार्केझचा उजवा खांदा जायबंदी झाला, शस्त्रक्रिया झाली, उरलेल्या चारही शर्यती गेल्या. बेझेक्की हा रॉसीच्या अकादमीत घडलेला, त्यामुळे सेपांगचे भूत दहा वर्षांनी पुन्हा नाचले. स्टीवर्ड मंडळाचे प्रमुख आता सायमन क्राफर होते. त्यांनी बेझेक्कीला ऑस्ट्रेलियात भोगायला शिक्षा दिली: दोन लाँग लॅप. मार्केझला पोर्तिमाओला दिली होती तीच, तेवढीच.

लगेच ओरड झाली की विश्वविजेत्याचा हंगाम संपवणाऱ्याला काही सेकंदांचा दंड म्हणजे थट्टा आहे. या ओरडणाऱ्यांत दोन वर्षांपूर्वी मार्केझला दिलेली हीच शिक्षा ज्यांना जाचक वाटली होती असेही अनेक जण होते, हे बाजूला ठेवू. दोन्ही वेळी चूक एकाच जातीची होती: शर्यतीच्या सुरुवातीला, भरलेल्या टाकीसह, ब्रेकचा अंदाज चुकणे. एकात हंगामाची पहिली शर्यत होती, दुसऱ्यात हंगाम सरत आला होता; एकात ओलिव्हेराची एक शर्यत गेली, दुसऱ्यात मार्केझच्या चार. चूक तीच असताना जखमेच्या मापाने शिक्षा वाढवली असती तर सिमॉन्चेलीच्या अपघातात एडवर्ड्स आणि रॉसीचे काय करायला हवे होते, याचे उत्तर त्या ओरडणाऱ्यांनी द्यावे. क्राफर यांच्या मंडळाने जखम न पाहता चाल पाहिली, हे त्यांचे श्रेय.

ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला जे झाले त्यात मात्र नियमाची खरी फट दिसते, आणि चाहत्यांनी आपला राग तिकडे वळवायला हवा. शनिवारची छोटी शर्यत, म्हणजे २०२३ पासून सुरू झालेली स्प्रिंट, बेझेक्कीने जिंकली. लाँग लॅप रविवारच्या मुख्य शर्यतीसाठी होते, म्हणून शनिवारचे १२ गुण त्याला बिनबोभाट मिळाले. रविवारी त्याने दोन्ही लाँग लॅप घेतले, वाटेत गमावलेल्या जागा परत मिळवल्या आणि तरी तिसरा आला. शर्यत जिंकली ती ट्रॅकहाउस संघाच्या अप्रिलियावरच्या राउल फर्नांडेझने. शिक्षा भोगणाऱ्या रायडरने त्या आठवड्यात ३७ पैकी २८ गुण नेले. यात बेझेक्कीचे काही चुकले नाही. सांगितले ते सगळे त्याने केले. पण लाँग लॅपचा पट्टा प्रत्येक सर्किटवर वेगळ्या वळणाला, वेगळ्या लांबीचा असतो. एका ठिकाणी दोन पट्ट्यांनी शर्यत हातची जाते, दुसऱ्या ठिकाणी वेगवान रायडर ती भरून काढतो. म्हणजे ‘दोन लाँग लॅप’ या शब्दांचे वजन कॅलेंडरवर पुढे कोणते सर्किट येते यावर ठरते, आणि ते ठरवण्यात अपराध्याचा, जखमी झालेल्याचा आणि स्टीवर्डांचा, तिघांचाही हात नसतो. स्प्रिंट हीसुद्धा शर्यत आहे, तिचेही गुण विजेतेपदात धरले जातात, मग शिक्षा रविवारीच का, याला नियमपुस्तिकेतली सवय यापलीकडे पटेल असे कारण मला सापडलेले नाही. शिक्षा सेकंदांत लिहिली, टायरच्या दाबासाठी लिहितात तशी, आणि पुढच्या सगळ्या शर्यतींना, शनिवार धरून, लागू केली, तर पोर्तिमाओची चूक आणि फिलिप आयलंडची फट दोन्ही एकाच ओळीत बुजतात. त्यावर कंपन्या म्हणतील की सेकंदांचा दंड शर्यत संपल्यावर लावला जातो, प्रेक्षकाला दिसत नाही, आणि लाँग लॅप डोळ्यांसमोर भोगला जातो. मुद्दा खरा आहे. टीव्हीला दिसणारी शिक्षा हवी असते, आणि मोटोजीपीचा बराचसा पैसा टीव्हीकडूनच येतो.